अपग्रेडनंतर हार्ड डिस्क रांगायला लागली? आधी ती कामात आहे की आजारी, ते बघा

विंडोजचं अपग्रेड रात्री विनातक्रार पार पडलं. सकाळी पासवर्ड टाकला आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन पत्ते वाटावेत तसे एकेक करून उमटायला लागले. स्टार्ट मेनू उघडायला चाळीस सेकंद. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा एरवी लुकलुकतो, तो आता नुसताच पेटून राहिलेला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के.

मग मी तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. दिसेल तो व्हिडिओ बघून इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलची सूची बनवणं) बंद केलं, सिसमेन ही विंडोजची मागे चालणारी सेवा बंद केली, पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) उडवली, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, दोन ठिकाणी हात घातला. दोन दिवस गेले आणि फरक शून्य. कारण भलतंच होतं. डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, मरायला टेकले होते, आणि ते बघायला दोन मिनिटं पुरली असती. तुमचे दोन दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मुख्यतः विंडोजबद्दल आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

अपग्रेडनंतरच हे का होतं

फिरत्या तबकडीच्या डिस्कचा हिशोब एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, आणि हवा तो तुकडा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं. त्यात हेड एका जागेवरून दुसरीकडे सरकायचे दहा-बारा मिलिसेकंद मिळवा. सेकंदाला साठ-सत्तर उड्या, एवढीच तिची झेप. एखादा मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी सहज देते. पण ४-४ केबीचे तुकडे दहा ठिकाणांहून गोळा करायला लावले तर अर्धा एमबीसुद्धा निघत नाही.

म्हणून 'डिस्क १०० टक्के, वेग ०.३ एमबी' हे दृश्य दिसलं की लगेच हबकू नका. तो टक्का वेगाचा नाही. डिस्क किती वेळ कामात अडकलेली होती, त्याचा आहे.

अपग्रेडनंतर या उड्या एकदम वाढतात. सर्चचा इंडेक्स नव्याने बनतो, अँटिव्हायरस सगळ्या फाइल पुन्हा चाळतो, क्लाउडचं सॉफ्टवेअर एकेक फाइल ताडून बघतं, आणि स्टोअरमधली ॲप्स मागून गुपचूप अपडेट होत राहतात. दुसरं कारण, जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जागा अडवून बसलेली असते, त्यामुळे नवी सिस्टिम उरल्यासुरल्या फटींमध्ये लिहिली जाते. डिस्क भरत आली असेल तर ही मोकळी जागा बऱ्याचदा तबकडीच्या आतल्या बाजूला असते, आणि तिथला वेग बाहेरच्या कडेच्या जवळपास निम्मा असतो.

तिसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. अपग्रेड डिस्कच्या अशा जागांवर लिहितं-वाचतं जिथे वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलं नसतं. तिथले कमजोर सेक्टर इतके दिवस झाकलेले होते, ते आता उघडे पडतात. अपग्रेडने डिस्क बिघडवली असं वाटतं, पण ती आधीच बिघडलेली असते.

हाताशी काय लागेल

- एक बाहेरची ड्राइव्ह, तुमचा महत्त्वाचा डेटा मावेल एवढी
- क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर (स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, दाखवणारं दुसरं कुठलंही चालेल)
- डेस्कटॉप असेल तर स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जादा साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी)
- बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर रिकव्हरी की, कागदावर लिहिलेली. ती त्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही
- एक वही. कुठली सेटिंग कधी बदलली ते लिहायला. हसू नका, मी बदललेल्या सेटिंगपैकी एक कुठली होती ते मला आजही आठवत नाही

१. आधी डेटा बाहेर काढा

काहीही तपासण्याआधी हे. संपूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्यायच्या भानगडीत आत्ता पडू नका. कमजोर डिस्कवर ती रात्रभर धडपडेल आणि अर्ध्यात मान टाकेल. दुसरीकडे कुठेच नाहीत अशा गोष्टी आधी कॉपी करा: फोटो, कागदपत्रं, हिशोबाच्या फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड. सिनेमे नंतर. एखाद्या फोल्डरवर कॉपी अडून बसली तर तिथे हट्ट धरू नका. तो सोडून पुढचे उरका, त्याचं नाव तेवढं वहीत टिपून ठेवा.

२. डिस्कची तब्येत बघा

बहुतेक ठिकाणी आधी 'दोन दिवस वाट बघा' असं सांगतात. माझं मत उलट आहे. डिस्क आजारी असेल तर ते दोन दिवस तिच्या हालअपेष्टांचे ठरतात. तेव्हा आधी स्मार्ट बघा, मग खुशाल वाट बघा.

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की वर निळ्या चौकोनात 'गुड', पिवळ्यात 'कॉशन' किंवा लाल रंगात 'बॅड' दिसतं. नुसत्या निळ्या चौकोनावर विसंबू नका, खालच्या यादीतल्या या चार ओळी वाचा:

- ०५, रीअलोकेटेड सेक्टर्स: खराब झालेले आणि डिस्कने राखीव जागेत हलवलेले सेक्टर. थोडे असतील आणि आकडा स्थिर असेल तर डिस्क काही काळ चालू शकते. आठवड्यात वाढला तर तिचे दिवस भरले.
- सी५, करंट पेंडिंग सेक्टर्स: वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले सेक्टर. मंदपणाचा खरा गुन्हेगार बऱ्याचदा हाच. असा एक सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ सगळा संगणक ताटकळत उभा.
- सी६, अनकरेक्टेबल: डिस्कने स्वतः तपासणी करूनही हात टेकलेले सेक्टर.
- सी७, सीआरसी एरर: हा डिस्कचा आजार नसतो. डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या रस्त्याचा असतो. बहुतेक वेळा केबल.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले होते. शेवटच्या 'रॉ' रकान्यातले आकडे हे सॉफ्टवेअर मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर, दाखवतं. माझ्या सी५ समोर शून्यांच्या रांगेच्या टोकाला ३८ होतं. मी अडतीस समजले. प्रत्यक्षात ते छप्पन्न होते. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दशमान पद्धत निवडा म्हणजे घोळ होत नाही.

सी५ किंवा सी६ समोर शून्य सोडून काही असेल तर खालच्या तीन ते आठ पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. सरळ नवव्या पायरीवर जा. आणि कृपा करून 'पूर्ण डिस्क तपासून खराब सेक्टर दुरुस्त करा' असली स्कॅन लावू नका. चेकडिस्क या विंडोजच्या साधनाची ती खोल तपासणी प्रत्येक सेक्टर वाचते, तासन्‌तास चालते, आणि दमलेल्या डिस्कला तेवढे तास पळवते. स्मार्ट बघायच्या आधी मी तीच लावून झोपले होते. सकाळी ती ११ टक्क्यांवर अडकलेली, कॅबिनेटमधून दर दोन-तीन सेकंदांनी टक्... टक्... असा आवाज, आणि त्यानंतर तीन वर्षांच्या फोटोंचा एक फोल्डर उघडेना. बॅकअप होता, पण चार महिन्यांपूर्वीचा.

बाहेरची यूएसबी ड्राइव्ह यादीत दिसत नसेल तर तिच्या डबीतला कंट्रोलर स्मार्टची माहिती पुढे जाऊ देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी साक्ष म्हणून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथे डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी, किंवा स्टोअरएएचसीआय या विंडोजच्या डिस्क-ड्रायव्हरच्या नावाने १२९, अशी रांग लागली असेल तर डिस्क, केबल किंवा ड्रायव्हर यांपैकी कोणीतरी मान टाकतंय. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे काम पुन्हा करावं लागलं, १२९ म्हणजे डिस्कने उत्तरच दिलं नाही म्हणून तिला रीसेट केलं.

३. एक अख्खी रात्र तिला काम करू द्या

तब्येत ठीक आहे? मग आता वाट बघा. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप 'नेव्हर' करा, पडदा बंद करून झोपा. चार्जर महत्त्वाचा आहे. विंडोजची स्वयंचलित देखभाल संगणक रिकामा असताना आणि वीज जोडलेली असतानाच चालते, आणि इंडेक्सिंगसुद्धा तुम्ही माऊस हलवत असाल तर हात आखडतं. म्हणून जो माणूस दिवसभर वैतागून क्लिक करत बसतो, त्याचं काम कधीच संपत नाही.

सकाळी रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा बंद होतच नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' बघा. रोज रात्री बंद करणाऱ्यांच्याही संगणकावर तिथे बारा-पंधरा दिवस निघतात.

डिस्क मोठी आणि फाइल लाखात असतील तर एक रात्र पुरत नाही, दोन-तीन लागतात. दर सकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडं बरं वाटत असेल तर डिस्क कामात होती, आजारी नव्हती.

४. दोन आकडे एकत्र वाचा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्स, मग डिस्क. सगळे 'ॲक्टिव्ह टाइम' बघतात. तुम्ही त्याच्या शेजारचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा, आणि त्याबरोबर वाचन-लेखनाचा वेग.

रिस्पॉन्स १०-४० मिलिसेकंद आणि वेग दहा-वीस एमबीच्या वर: डिस्क ठणठणीत, कोणीतरी तिच्याकडून ढोरमेहनत करून घेतंय. रिस्पॉन्स शंभर-दोनशे आणि वेग एक एमबीच्या आत: एकाच वेळी पाच-सहा जण तिला वेगवेगळ्या दिशांना ओढतायत. आणि रिस्पॉन्स हजारोंच्या घरात, वेग शून्य, टक्का १०० ला चिकटलेला, मधेच सगळं गोठतं आणि मग एकदम सुटतं: ही आजारी डिस्क, सैल केबल किंवा ड्रायव्हरची भानगड. माझ्याकडे हा आकडा ३,४०० पर्यंत जायचा, आणि तेवढ्यात माऊस फिरायचा पण क्लिक लागायची नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही हार्ड डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्याला एसएमआर म्हणतात. अशी डिस्क आधी एका राखीव भागात भराभर लिहून घेते आणि मोकळ्या वेळात आवरते. अपग्रेडमध्ये तो भाग भरला की तिचा लिहिण्याचा वेग धाडकन कोसळतो. तिसऱ्या पायरीतली रात्र तिला औषधासारखी लागू पडते.

५. कोण ओढतंय ते पकडा

टास्क मॅनेजरच्या डिस्कच्या पानावरूनच रिसोर्स मॉनिटर उघडतो. त्यात डिस्क टॅब, आणि 'टोटल' रकान्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा. खाली फाइलची नावंसुद्धा दिसतात, तोच खरा फायदा.

सर्चइंडेक्सर दिसला तर थांबा, त्याचं काम संपणारं आहे. फक्त इंडेक्सच्या यादीत तुमचे अवाढव्य डेटाचे फोल्डर उगाच असतील तर ते काढा. अँटिव्हायरसची स्कॅन संपू द्या. पण दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एक घालवा. क्लाउडचं सिंक एक दिवस 'पॉज' करून फरक बघा. सिसमेन, म्हणजे पूर्वीचा सुपरफेच, बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळेल. तो वारंवार लागणारी ॲप्स आधीच मेमरीत आणून ठेवतो, त्यामुळे हार्ड डिस्कवाल्यांना त्याची मदतच होते. चाचणी म्हणून एक दिवस बंद करा, फरक नसेल तर पुन्हा चालू करा आणि वहीत लिहा.

स्टार्टअप ॲप्स मात्र बिनधास्त छाटा. अपग्रेडनंतर काही जुनी मंडळी तिथे परत येऊन बसलेली सापडतात.

६. रॅम कमी पडतेय का

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅमची आहे. किमान म्हणजे सुरू होईल, सुखाने चालेल असं नव्हे. मेमरीच्या पानावर वापर सतत ८५-९० टक्क्यांवर असेल आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये 'पेजफाइल' सगळ्यात वर दिसत असेल, तर डिस्क रॅमचं ओझं वाहते आहे. पेजिंग फाइल बंद करणं हा उपाय नाही. त्याने ॲप्स कोसळतात. रॅम वाढवा किंवा ब्राउझरचे टॅब आवरा.

७. केबल, पोर्ट, ड्रायव्हर

सी७ चा आकडा टिपून ठेवा, साटा केबल बदला, दोन दिवसांनी पुन्हा बघा. तो कधीच खाली येत नाही, त्यामुळे जुना आकडा बघून घाबरायचं कारण नाही. वाढायचा थांबला की केबलच होती.

बाहेरची ड्राइव्ह हळू झाली असेल तर आधी ती कुठल्या पोर्टमध्ये आहे ते बघा. यूएसबी २ वर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या पुढे जात नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी मुळातली पॉलिसी 'क्विक रिमूव्हल' (ड्राइव्ह पटकन काढता यावी अशी) झाली. जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारली असेल तर लिहिण्याचा वेग त्यामुळे घटलेला असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉलिसीज टॅबवर 'बेटर परफॉर्मन्स' आणि राइट कॅशिंग (लिहायचा डेटा आधी मेमरीत धरून ठेवणं) चालू करा. मात्र त्यानंतर 'सेफली रिमूव्ह' न करता केबल ओढायची नाही.

ड्रायव्हरचा एक दोष मायक्रोसॉफ्टने स्वतः मान्य केलेला आहे. विंडोज १० च्या अंगच्या स्टोअरएएचसीआय ड्रायव्हरबरोबर काही कंट्रोलर एमएसआय पद्धतीत (काम झाल्याचं प्रोसेसरला संदेशाने कळवायची रीत) नीट चालत नाहीत, आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकते. स्मार्ट स्वच्छ, केबल नवी, तरी १२९ च्या नोंदी येत असतील तर संशय इथे घ्या. आधी मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाचा साटा ड्रायव्हर आणि बायोस (मदरबोर्डचं अंगचं सॉफ्टवेअर) अपडेट टाका. रजिस्ट्रीत एमएसआय बंद करणं हा शेवटचा उपाय, तोही रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन.

८. जागा मोकळी करा, मग डिफ्रॅग

क्रम उलटा करू नका. 'विंडोज डॉट ओल्ड' काढल्याशिवाय डिफ्रॅग केलं, म्हणजे विखुरलेल्या फाइल सलग लावल्या, तर त्या अडगळीचीही नीट मांडणी होते. पण ते काढलं की जुन्या विंडोजवर परत जायचा रस्ता बंद. तो रस्ता मुळात दहाच दिवस उघडा असतो, तेव्हा या दहा दिवसांत काय ते ठरवा. हाताने फोल्डर डिलीट करू नका. स्टोरेज सेटिंगमधल्या तात्पुरत्या फाइलच्या यादीतून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' निवडा.

निदान १५ टक्के जागा मोकळी असू द्या. मग 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडून हार्ड डिस्कवर एकदा चालवा. मला यात बूट होण्याच्या वेळेत फरक दिसला आहे, चमत्कार नाही.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून हार्ड डिस्कसुद्धा एपीएफएस या फाइल सिस्टिमवर आणल्या गेल्या. ती एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे; फिरत्या डिस्कवर फाइल विखुरत जातात आणि ती मंदावते. पहिले काही दिवस स्पॉटलाइटचा, म्हणजे मॅकच्या सर्चचा, 'एमडीएस स्टोअर्स' ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये वर दिसेल, त्याला त्याचं काम करू द्या. लिनक्सवर डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारं 'आयओटॉप' लावून बघा. केडीई डेस्कटॉपमध्ये बालू, नोम डेस्कटॉपमध्ये ट्रॅकर (नव्या आवृत्त्यांत लोकलसर्च) हे फाइलचा इंडेक्स बनवणारे नेहमीचे पाहुणे. स्मार्टसाठी 'स्मार्टसीटीएल'. बाकी दुसऱ्या पायरीतले चारही आकडे तिथे तसेच लागू.

९. डिस्क बदलायची ठरली तर

आजारी असेल तर प्रश्नच नाही. निरोगी असूनही रोजचा त्रास संपत नसेल, तरी सिस्टिमपुरती एसएसडी घ्या. साटावरची साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो उड्या मारते. साठ-सत्तरच्या हिशोबाशी तुलनाच नाही. हार्ड डिस्क डेटासाठी ठेवा.

निरोगी डिस्कची क्लोन, म्हणजे नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत, करा. आजारी असेल तर साधं क्लोनिंग सॉफ्टवेअर पहिल्या खराब सेक्टरला अडतं. त्यासाठी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट सुरू होणाऱ्या) 'डीडीरेस्क्यू' वापरा. ते चांगले भाग आधी उचलतं आणि खराब भागांकडे शेवटी वळतं. त्यातून आलेली सिस्टिम अर्धवट असू शकते, म्हणून डेटा तेवढा घ्या आणि विंडोज नव्याने टाका. मी तेच केलं, आणि फोटोंच्या त्या फोल्डरमधले सतरा फोटो सोडून बाकीचे परत आले.

एन्क्रिप्शन असेल तर क्लोनआधी ते थांबवा आणि रिकव्हरी की हाताशी ठेवा. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर संगणक कुठल्या डिस्कवरून सुरू झाला तेच कळत नाही. मग ऑप्टिमाइझच्या खिडकीत डोकावा: मीडिया टाइपखाली 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसायला हवं. जुनी डिस्क दोन महिने तरी फॉरमॅट करू नका. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा दुसऱ्या पार्टिशनवर होता, हे मला एकविसाव्या दिवशी आठवलं.